घरच्याला कशाला बेल-भंडारा

सरपंचावर अविश्वास ठराव आला की आमच्याकडे सदस्य देवदर्शनाला जातात. कोणी कोल्हापूर गाठतं, कोणाला एकदम गोव्याचा देव आठवतो. घरी सांगायचं सहल आहे, फोन बंद करायचे आणि ठरावाच्या दिवशी सकाळी गाडीतून थेट पंचायतीच्या दारात उतरायचं. मधल्या दिवसांत समोरच्या पार्टीनं गाठून फोडू नये म्हणून ही सगळी लपवाछपवी. माझ्या दादाच्या वेळी मात्र ना कोल्हापूर झालं ना गोवा. सदस्य आले माझ्याकडे, लोणावळ्याला, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मी तुंगार्लीत एका मुंबईवाल्यांचा बंगला सांभाळते. किल्ल्या माझ्याकडे, साफसफाई माझ्याकडे, पाहुण्यांनी ऑर्डर दिली तर स्वयंपाकही माझाच. मधल्या वारी बंगला रिकामा असतो. दादानं फोन केला, "बाय, तीन माणसं ठेवायचीत, ठरावापर्यंत." मी मालकांना विचारलं, ते हो म्हणाले. हे राजकारण आपल्या दारात नको, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण दादानं सांगितलं म्हणजे करायचं, एवढंच आमच्या घरात आम्हाला शिकवलेलं.

माहेर माझं कान्ह्याच्या पलीकडं, भाताचं गाव. आम्ही तिघं भावंडं. थोरला दादा, मग मी, आणि सगळ्यात धाकटा. वडील गेले तेव्हा धाकटा एवढासा होता की त्याला ते आठवतही नाहीत. दादाच त्याचा बाप झाला. शाळेत दादानं घातलं, वराळ्याच्या कंपनीत दादानं चिकटवलं, मुलगी दादानं पाहिली, बस्ता दादानं बांधला. पंचायतीच्या निवडणुकीत दादा उभा राहिला तेव्हा शेजारच्या वॉर्डात धाकट्यालाही त्यानंच उभं केलं. धाकट्याला हे कळलं ते गावात बॅनर लागल्यावर! आम्ही सगळे हसलो होतो. तोही हसला होता.

दादाबद्दल काय सांगू? माझा भाऊ आहे म्हणून नाही, पण तसा माणूस गावाला परत मिळायचा नाही. कुणाच्या दारात मयत झाली तर हा सगळ्यांच्या आधी हजर. तीन वस्त्यांना नळाचं पाणी त्यानं आणलं. आमच्या डोंगराच्या उतारावर गावाचं गायरान आहे, तिथं कुणा मोठ्या लोकांना रिसॉर्ट करायचं होतं. त्यांना पंचायतीचा ना-हरकत दाखला पाहिजे होता आणि दादा काही केल्या देईना. "गुरं काय स्विमिंग टँकात चरायची का?" असं त्यानं भर सभेत विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांच्या पाठोपाठ अविश्वास ठराव आला.

हिशोब सरळ होता. सदस्य नऊ. सहा हात वर गेले की सरपंच खाली. समोरच्यांकडे पाच होते. आमच्याकडे चार: दादा, धाकटा, एक मावशी आणि एक आबा. मावशी म्हणजे बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली विधवा बाई, खमकी, स्वतःची भातशेती स्वतः करणारी. आबा म्हणजे बौद्धवाडीतले, तळेगावच्या कारखान्यातून रिटायर झालेले, कमी बोलणारे. या चारांतला एक जरी हलला तरी खेळ खलास.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे खंडोबाच्या देवळात जमले. मी गाडीला वाट दाखवायला म्हणून आदल्या दिवशीच माहेरी आले होते, तर मीही गेले. आमच्याकडे शब्दाला देव साक्षी ठेवायचा तर बेल-भंडारा उचलतात. ताटातलं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन एकदा बोललं की संपलं. मग माणूस मरेल, पण फिरणार नाही.

मावशी पुढं झाली, बेल उचलला. म्हणाली, "ह्या सरपंचाच्या इरोधात माझा हात वर गेला तर त्यो हात झडू दे." आम्ही सगळ्यांनी यळकोट केला. मग आबा. आबा म्हणाले, "सरपंच, मी बेल उचलत न्हाई. आमच्यात न्हाई ते. शब्द देतो." दादानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "दिला?" आबा म्हणाले, "दिला." तेवढ्यावर झालं. मला ते फार बरं वाटलं. ज्याची जशी रीत, तसं त्याला विचारलं.

त्यांच्या मागं धाकटा उभा होता. आंघोळ करून आलेला, कपाळाला भंडारा लावलेला. त्यानं उजवा हात पुढं केला.

दादा हसला. त्यानं ताट बाजूला सरकवलं, प्रसादाच्या वाटीतला खोबऱ्याचा तुकडा उचलला आणि लहान पोराला द्यावा तसा त्याच्या हातावर ठेवला. म्हणाला, "ह्यो आपलाच हाय. घरच्याला कशाला बेल-भंडारा? चला, बसा गाडीत." सगळे हसले. पुजारी हसला, मावशी हसली. धाकटा खोबऱ्याकडं बघत राहिला आणि मला उगीच कसंतरी झालं. का झालं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दादा काही आमच्याबरोबर आला नाही. सरपंच पळाला असं कुणी म्हणू नये म्हणून तो गावातच थांबला.

बंगल्यावर आल्याआल्या मी सगळ्यांचे फोन घेतले आणि पिठाच्या डब्यात टाकले, दादाचा हुकूमच होता तसा. पहिल्या दिवशी मजाच झाली म्हणायची. मावशीनं स्विमिंग टँक पाहिला आणि म्हणाली, "एवढं पाणी नुसतं बघायला? आमच्यात एक एकर भिजंल." मग लुगडं गुडघ्यापर्यंत धरून काठावर बसली ती उठेचना. आबा गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते, जाहिरातींसकट. माणसं कशी निवांत होती! निवांत नव्हता तो एकटा धाकटा.

मी त्याच्यासाठी मुद्दाम सुक्या बोंबलाचं कालवण केलं. लहानपणी ह्या कालवणासाठी तो माझ्या ताटावर धाड घालायचा. त्यानं अर्धी भाकरी मोडली, बोटं कालवणात फिरवली आणि उठला. नंतर पाहते तर बंगल्याभोवती गोल गोल चालतोय. मी म्हटलं, "काय रे, प्रदक्षिणा घालतोस का? देव इथं नाही, मुंबईला असतो."

तो थांबला. म्हणाला, "आक्का, दादानं तुला कदी काय विचारलंय का गं?"

"मला काय विचारतोय? मला सांगतो फक्त."

मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "आन् समज, मी फुटलो तर?"

"तंगडं मोडीन," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, विचार करायच्या आत सुटते. पण त्याचं तोंड एकदम हलकं झालं. म्हणाला, "तू तरी म्हणालीस," आणि आत गेला.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. दूध उतू गेलं, आमटीत मीठ दोनदा पडलं. मावशी म्हणाली, "पोरी, तुला काय सरपंच व्हायचंय का? एवढी का घाबरलीस?" मी काय सांगणार? माझ्या पाठचा भाऊ, त्याच्याविषयी असा विचार मनात आणायची लाज वाटत होती, आणि विचार तर जाता जात नव्हता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. ती म्हण मी शंभरदा लोकांना ऐकवली असेल. स्वतःच्या घरात म्हणायची वेळ आली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना.

शेवटी दुपारी मागच्या दारी जाऊन मी दादाला फोन लावला.

"दादा, धाकट्याचाही शब्द घे."

"कशाचा शब्द?"

"बेल-भंडारा उचलू दे त्याला. इथं ये, नाहीतर मी आणते त्याला देवळात."

 पलीकडं दादाचा आवाज चढला. "येडी का काय तू? सख्ख्या भावाकडनं बेल उचलून घिऊ? उद्या गाव म्हणंल, सरपंचाचा घरातच भरवसा न्हाई. त्यापरीस पद गेल्यालं परवडलं."

"अरे पण मावशीला विचारलंस, आबांना विचारलंस..."

"ती परकी हायती, बाय. त्यांना इचारायचं असतं. त्यो माझा हात हाय. हाताला कोण इचारतं, वर होतोस का म्हणून?"

फोन ठेवल्यावर मी मागच्या पायरीवर बसून रडले. रागानंच जास्त. एवढा शहाणा माणूस, अख्ख्या गावाची नाडी ओळखतो, आणि घरात हा असा आंधळा! आणि त्याचं चुकतंय हेही धड म्हणवत नव्हतं. आमच्याकडे सख्ख्याकडून शपथ मागणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणंच. दादानं त्याचा मान राखला होता, त्याच्या समजुतीप्रमाणे.

ठरावाच्या दिवशी सकाळी जीप आली. मी डब्यातले फोन काढून, पीठ पुसून, ज्याचे त्याला दिले. मावशीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आबा म्हणाले, "काळजी करू नगा." धाकटा जीपच्या मागच्या सीटवर आधीच जाऊन बसला होता. मी खिडकीशी जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं मान वर केली नाही.

जीप गेली आणि मी खोल्या आवरायला घेतल्या. हात कामात असले की डोकं शांत राहतं. धाकट्याच्या पलंगावरची उशी उचलली तर खाली त्याचा रुमाल, गाठ मारलेला. सोडून बघते तर बेलाचं पान, सुकायला लागलेलं. रुमालाला पिवळाधमक भंडारा लागलेला. आणि खोबऱ्याचा तुकडा, तोच, न खाल्लेला.

 म्हणजे तो हात प्रसादासाठी नव्हता पुढं आला. दादानं ताट सरकवल्यावर, सगळे गाडीकडे वळल्यावर, यानं आपलं आपण पान उचललं होतं आणि जवळ बाळगलं होतं. कुणी विचारील म्हणून वाट बघत होता. आणि आज जाताना ते इथंच ठेवून गेला.

दादाला फोन लावला. बंद. सभेला बसताना बंद करायला लावतात. धाकटा अजून जीपमध्येच असणार, त्याला लावला. वाजत राहिला, उचलला नाही. मी रुमाल कमरेला खोचला आणि स्कूटी काढली. बंगल्याचं दार लावलं की नाही हे आजही मला आठवत नाही.

जुन्या हायवेनं कसं गेले ते माझं मला माहीत. कार्ल्याच्या फाट्यावर सहलीच्या बसेस उभ्या, निम्मा रस्ता त्यांनीच खाल्लेला. माणसं फोटो काढत होती, पोरं कणसं खात होती, आणि मी हॉर्नवरचा अंगठा काढत नव्हते. एक जण ओरडला, "ओ ताई, आग लागली का?" मी म्हटलं, "व्हय, लागली!" कामशेतच्या खिंडीत एक कंटेनर बंद पडलेला. त्याच्या बाजूनं मातीतून स्कूटी काढली. एकच गोष्ट डोक्यात होती. दादाला एवढंच सांगायचं, हात वर व्हायच्या आत सगळ्यांदेखत त्याला एकदा विचार. बाबा रे, तू माझ्याबरोबर आहेस का? बस, एवढंच विचार.

पंचायतीसमोर सगळं गाव लोटलं होतं. दार बंद, दाराशी पोलीस. मी गर्दीतून कोपरं मारत खिडकीपाशी पोचले आणि गज धरले. आत तहसीलदार बाई टेबलाशी, समोर बाकांवर नऊ जण. मी "दादा" म्हणून हाक मारली. पोलीस म्हणाला, "बाई, आवाज करायचा नाही." आत पंखा घरघरत होता, दादाला ऐकू गेलं नाही. तेवढ्यात तहसीलदार बाई म्हणाल्या, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

पाच हात लगेच वर गेले. बाई मोजू लागल्या. मावशीनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. आबा ताठ बसले होते, हात मांडीवर. आणि मग धाकट्याचा हात हलला. आधी खांद्यापर्यंत आला. थांबला. तो दादाकडे बघत होता, एकटक, अगदी देवळात उभा होता तसाच. मी गजाला कपाळ टेकून म्हणत होते, बघ रे दादा, बघ त्याच्याकडं, विचार काहीतरी!

दादानं बघितलं. हात वर गेला होता तोवर.

बाहेर गलका झाला. कुणीतरी शिवी हासडली. मावशी उठून धाकट्याच्या अंगावर धावली, "मेल्या, घरभेद्या!" आणि तेव्हा दादानं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानं शांतपणे स्वतःचाही हात वर केला.

तहसीलदार बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "सरपंच, हा ठराव तुमच्या विरोधात आहे. समजलं ना?"

"समजलंय मॅडम. सात ल्ह्या." मग तो खिडक्यांकडं वळून गावाला म्हणाला, "माझ्या भावानं मला पाडलं न्हाई. मी माझ्या हातानं उतरलोय. त्याला कुणी बोलायचं न्हाई."

लोक रडले. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "देवमाणूस गं बाई!" मलाही रडू आलं. पण मी धाकट्याकडं बघत होते. त्याचा हात अजून वरच होता आणि चेहरा असा झाला होता की जणू भर बाजारात कुणी नागडा केलाय. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाच्या बाजूनं रडावं ते मला कळेना.

महिन्याभरात धाकटा सरपंच झाला. समोरच्यांनी त्याला तेच कबूल केलं होतं, त्याच्या मेव्हण्यामार्फत, सहलीला निघायच्या आधीच. हे त्यानंच मला सांगितलं, बंगल्यावर येऊन, त्याच मागच्या पायरीवर बसून. मी त्याला चहा दिला नाही. तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आक्का, मला माझाच भरवसा नव्हता. म्हणून हात पुढं केला. बेल उचलला असता तर सुटलो असतो, त्यांना सांगितलं असतं, मी बांधलोय. मला बांधून घ्यायला पायजे व्हतं कुणीतरी."

"म्हणून त्याच्या गळ्यावर पाय दिलास?"

"दिला. पाप केलं. पर ते तरी माझं व्हतं ना गं?" आणि हा एवढा बाप्या माणूस हुंदके देऊन रडायला लागला. "आयुष्यात एक गोष्ट मी माझ्या मनानं केली, वंगाळ का हुईना. ती बी त्यानं हात वर करून माझ्याकडनं काढून घेतली. गाव मला शिव्या बी देत न्हाई. म्हणतं, दादानंच करायला लावलं असंल."

 मग मी चहा केला.

ना-हरकत दाखल्यावर सही धाकट्यानंच केली. गायरानावर आता जेसीबी चालतो. दादा घराबाहेर पडत नाही. जो माणूस गावातल्या प्रत्येक दारात जाऊन आलेला, तो स्वतःच्या अंगणात खुर्ची टाकतो आणि डोंगराकडं पाठ करून बसतो. आधी लोक यायचे, बसायचे, हळहळायचे. हळूहळू तेही थांबले. दाखले लागतात, सह्या लागतात, लोकांना सरपंचाकडं जावं लागतं. वहिनी फोन करते, "आज पण जेवले न्हाईत."  तिचा नंबर स्क्रीनवर दिसला की उचलायच्या आधी मी दोन वेळा देवाचं नाव घेते.

भाऊबीजेला पूर्वी दोघं एकत्र यायचे, मी दोन पाट शेजारी मांडायचे. आता दादा सकाळी लवकर येतो. त्यानंतर धाकट्याचा फोन येतो, "गेला का?" मग तो येतो. एका दिवसात मी एकच पाट दोनदा मांडते.

यंदा दादाला ओवाळून झालं आणि मला राहवलं नाही. कपाटातून रुमाल काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. इतके दिवस हिंमत झाली नव्हती. आधीच खचलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं, असं वाटायचं. पण त्याची ती खाली घातलेली मान बघून माझा संयम सुटला. भावानं दगा का दिला, हाच एक प्रश्न तो आतल्या आत चावत बसला होता.

"काय हाय?" म्हणत त्यानं गाठ सोडली. पानाचा चुरा झाला होता. भंडाऱ्याचा डाग होता. खोबरं दगडासारखं झालं होतं.

"धाकट्याचं आहे," मी म्हटलं. "देवळातून आणलं होतं त्यानं. बंगल्यावर उशीखाली ठेवलं होतं."

दादानं खोबऱ्याचा तुकडा उचलला. बराच वेळ उलटसुलट करून बघितला. निरांजन विझत आलं होतं, तूप घालायचंही मला सुचेना.

"बाय," तो म्हणाला, "हात पुढं केला व्हता गं त्यानं."

"व्हय, दादा."

"आन् मी त्याच्या हातावर खोबरं ठिवलं."

मी म्हटलं, "थांब आज. येईल तो एवढ्यात. बोल त्याच्याशी." त्यानं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. खोबरं त्यानं सदऱ्याच्या खिशात घातलं, रुमालाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाला, "हे त्याचं त्याला दे." आणि धाकट्याचा फोन यायच्या आत निघून गेला.